टेक्सासचा ‘काउंटी जज’ नेमका कोण, आणि तो निवडून येतो कसा?

२०२५च्या ४ जुलैला पहाटे टेक्सासमधल्या ग्वाडलुपे नदीला पूर आला. एकट्या केर काउंटीत शंभराहून जास्त माणसं गेली. कॅम्प मिस्टिक या मुलींच्या उन्हाळी शिबिरातल्या चिमुकल्या मुलीही त्यात होत्या. त्या दिवशी पत्रकारांसमोर काउंटीच्या वतीने जे गृहस्थ बोलायला उभे राहिले, त्यांचं पद होतं ‘काउंटी जज’.

मी इथे ह्यूस्टनच्या बाहेरच्या वस्तीत राहतो. पुण्याहून मावशीचा फोन आला. आम्ही सुखरूप आहोत हे कळल्यावर तिने विचारलं, “अरे, पुराचं काय झालं ते न्यायाधीश का सांगतायत? कलेक्टर कुठेय तुमचा?” मी म्हटलं, “मावशी, तोच आमचा कलेक्टर समज.” त्यावर तिचा दुसरा प्रश्न आला, “मग त्याला काढता येतं का?”

तिचे दोन्ही प्रश्न अगदी मुद्द्याचे होते, आणि मी दिलेलं उत्तर अर्धवट होतं. काउंटी जज म्हणजे कलेक्टर नव्हे, नुसता न्यायाधीशही नव्हे. तो लोकांनी थेट मतदान करून निवडलेला काउंटीचा प्रमुख. २०२६ मध्ये टेक्सासच्या २५४ काउंट्यांमध्ये या पदाची निवडणूक आहे. इथे वीस-वीस वर्षं राहिलेल्या, नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींनाही हे पद नीट ठाऊक नसतं असं मी पाहिलंय. म्हणून हा लेख.

## काउंटी म्हणजे जिल्हाच, पण पूर्ण नाही

आपल्याला काउंटी हा शब्द पहिल्यांदा कळला तो इंग्लंडच्या क्रिकेटमुळे. अमेरिकेत राज्याचे जे प्रशासकीय भाग पाडलेत त्यांना काउंटी म्हणतात. देशभरात असे सुमारे ३,१०० भाग आहेत आणि सगळ्यात जास्त, २५४, टेक्सासमध्ये. जिल्हा म्हणून डोळ्यांसमोर आणायला हरकत नाही, फक्त आकाराच्या बाबतीत फसायला होतं. ह्यूस्टन शहर जिच्यात येतं त्या हॅरिस काउंटीत २०२०च्या जनगणनेत ४७ लाख माणसं होती. त्याच टेक्सासच्या पश्चिम भागात लव्हिंग नावाची काउंटी आहे, तिची लोकसंख्या त्याच जनगणनेत ६४ भरली. थोडे उभे राहिले तर एका एसटीत मावतील एवढी. गंमत म्हणजे दोन्हीकडे कारभाराची घडण एकच: एक काउंटी जज आणि चार कमिशनर.

आपल्याकडे जिल्हाधिकारी सरकारने नेमलेला असतो. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष निवडून येतो खरा, पण त्याला सदस्य निवडतात. म्हणजे जिल्ह्याच्या प्रमुखाला मतदाराने थेट निवडायचं, हा अनुभव आपल्याला नाहीच. इथे तो आहे.

सगळ्या अमेरिकेत मात्र पदाचं नाव आणि ताकद सारखी नाही. मेरीलंडच्या माँटगोमेरी काउंटीत ‘काउंटी एक्झिक्युटिव्ह’ असतो, मायामीत ‘काउंटी मेयर’. न्यू जर्सीत २१ काउंट्या, त्यांतल्या फक्त पाच ठिकाणी लोक असा एक प्रमुख निवडतात. जिथे मराठी घरं भरपूर आहेत त्या एडिसनची मिडलसेक्स काउंटी त्या पाचांत नाही, तिथे कमिशनरांचं मंडळच कारभार बघतं. त्यामुळे एका राज्यातलं ज्ञान दुसऱ्या राज्यात चालवू नका. खाली जे सांगतोय ते टेक्सासचं.

## मग ‘जज’ कशाला म्हणायचं?

याचं उत्तर १८७६ मध्ये आहे. त्या वर्षी टेक्सासने जे संविधान स्वीकारलं, तेच दुरुस्त्या होत होत आजही चालू आहे. त्या काळी गावं विरळ, माणसं थोडी, प्रवास घोड्यावरून. प्रत्येक काउंटीत कोर्ट वेगळं आणि कचेरी वेगळी ठेवणं परवडणारं नव्हतं. तेव्हा एकाच माणसाने किरकोळ खटलेही ऐकावेत आणि रस्ते-पूल-खर्चही बघावा, अशी सोय केली. काउंटी जजचं कलम आजही संविधानाच्या न्यायव्यवस्थेच्या प्रकरणात आहे, आणि पाच जणांच्या कारभारी मंडळाचं नाव आजही ‘कमिशनर्स कोर्ट’ आहे. तिथे ना आरोपी असतो ना वकिलांची उलटतपासणी. असतात ती टेंडरं, रस्त्यांची कामं आणि अंदाजपत्रकाची पानं.

लहान काउंट्यांमध्ये काउंटी जज अजूनही खरोखर न्यायदान करतो: मृत्युपत्राची प्रकरणं, छोटे गुन्हे वगैरे. हॅरिससारख्या मोठ्या काउंटीत त्यासाठी स्वतंत्र कोर्टं आहेत, त्यामुळे तिथला काउंटी जज फक्त कारभार बघतो.

‘पण मग तो वकील तरी असलाच पाहिजे ना?’ नाही. संविधानात एवढंच लिहिलंय की त्याला राज्याच्या कायद्याची चांगली माहिती असावी. पदवीची, सनदेची अट नाही.

## चेअरमन, कमिटी आणि सभासदांनी निवडलेला वॉचमन

अधिकार समजून घ्यायला आपली हाउसिंग सोसायटी आठवा. काउंटी जज हा कमिटीचा चेअरमन. चार कमिशनर हे चार विंगचे प्रतिनिधी. विंगवाल्याला त्याच्या विंगनेच निवडलेलं, चेअरमनला सगळ्या सोसायटीने. कमिटीत मतं पाच, आणि चेअरमनचं मत एकच. नकाराधिकार नाही. तीन मतं जमली तर ठराव पास, मग चेअरमन विरोधात का असेना.

आता या सोसायटीत एक विचित्र गोष्ट कल्पना करा. वॉचमन, हिशेबनीस, रजिस्टर सांभाळणारा कारकून, हे सगळेही सभासदांनीच थेट मतदान करून निवडलेत. चेअरमनने वॉचमनला सांगितलं की रात्री मागच्या गेटवर थांब, तर तो म्हणेल, मला तुम्ही नेमलेलं नाही. त्याचा पगार किती, त्याला टॉर्च घ्यायला पैसे किती, हे कमिटी ठरवणार. तो काम कसं करणार, हे तो ठरवणार.

टेक्सासची काउंटी अशीच चालते. पोलीस आणि तुरुंग शेरीफच्या हातात, सरकारी खटले डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीच्या, नोंदी काउंटी क्लार्कच्या, करवसुली टॅक्स असेसर-कलेक्टरच्या. या प्रत्येकाला मतदार वेगळं निवडतात. काउंटी जज यांच्यातल्या कुणालाही काढू शकत नाही, बदलीही करू शकत नाही. प्रचारात मात्र ‘मी आलो तर गुन्हेगारी संपवीन’ अशी वाक्यं सर्रास ऐकू येतात. ऐकताना हे गणित मनात असू द्या. गुन्हेगारीच्या बाबतीत काउंटी जजच्या हातात आहे ती पैशाची पिशवी, आणि तिलाही दोरी बांधलेली आहे. २०२१च्या एका कायद्यानुसार दहा लाखांहून जास्त वस्तीच्या काउंटीला पोलीसखर्चात कपात करायची तर आधी मतदारांची परवानगी घ्यावी लागते.

आणखी एक मर्यादा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. शहराची कौन्सिल जशी स्वतःचे नियम करू शकते, तशी काउंटी करू शकत नाही. राज्याच्या विधिमंडळाने जेवढं दिलं तेवढंच तिचं. माझ्यासारखी हॅरिस काउंटीत वीस लाखांहून जास्त माणसं अशी आहेत जी कुठल्याच शहराच्या हद्दीत नाहीत. पत्त्यात ‘केटी’ लिहितात, पण केटी शहराच्या मेयरशी त्यांचा संबंध नाही. त्यांचं सगळ्यात जवळचं सरकार म्हणजे काउंटी, आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गोदाम येऊ नये असं त्यांना वाटत असेल तर काउंटी ते जमिनीच्या वापराचे नियम लावून अडवू शकत नाही. तो अधिकारच नाही.

## खरी सत्ता: तिजोरीची किल्ली

ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरपट्टीचं बिल येतं. टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे घरपट्टी जबर असते. ३१ जानेवारीच्या आत भरायची. दरवर्षी ते बिल मी जेवणाच्या टेबलावर पसरतो आणि एकेक ओळ वाचतो. सगळ्यात मोठा आकडा शाळांच्या डिस्ट्रिक्टचा. मग काउंटी, पूरनियंत्रण, बंदर, सार्वजनिक रुग्णालयं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, ही पाच-सहा वेगवेगळी सरकारं आहेत. नंतर कळलं की हॅरिसमध्ये काउंटीचा आणि पूरनियंत्रणाचा दर तेच पाच जण ठरवतात, आणि बंदर नि रुग्णालयांचा दरही त्यांच्याच मंजुरीने लागतो.

काउंटीच्या मुख्य निधीतून वर्षाला अडीच अब्ज डॉलरहून जास्त खर्च होतो. त्यात तुरुंग, कोर्टं, रस्ते, सगळं आलं. हा पैसा कुठे किती, हे ठरवण्याच्या बैठकीची विषयपत्रिका काउंटी जजच्या अध्यक्षतेखाली पुढे सरकते. पाच मतांपैकी एकच मत असलं तरी चर्चा कशावर होणार, कुठला विषय लावून धरायचा, यात अध्यक्षाचा वाटा मोठा असतो.

पण करही मनाला येईल तसा वाढवता येत नाही. २०१९च्या कायद्याने मर्यादा घातली: आधीपासूनच्या मालमत्तांवरचं उत्पन्न काउंटीला वर्षाला ३.५ टक्क्यांहून जास्त वाढवायचं असेल, तर लोकांचं मतदान घ्यावं लागतं. मोठी आपत्ती आली तर काही सवलत मिळते. २०२४ मध्ये बेरिल वादळानंतर हॅरिसने ती वापरली.

आणि आता ती रिकाम्या खुर्च्यांची गोष्ट, जी मला या सगळ्या यंत्रणेचं मर्म वाटते. साधी बैठक भरवायला पाचांतले तीन पुरतात. कर लावायचा असेल तर मात्र चार हजर हवेत, असा नियम आहे. २०१९च्या ऑक्टोबरात काउंटी जज आणि दोन कमिशनर डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. बहुमत त्यांचं, दर वाढवायचा ठराव तयार. बैठकीच्या दिवशी दोन रिपब्लिकन कमिशनर आलेच नाहीत. तिघे बसले होते, मतं तिन्ही होती, आणि तरी काही करता येईना. वाढ बारगळली. २०२२ मध्ये पुन्हा तेच झालं. दोन खुर्च्या बैठकीमागून बैठक रिकाम्या राहिल्या, आणि शेवटी कायद्यानुसार कमी दर आपोआप लागू झाला: जुन्या मालमत्तांमधून गेल्या वर्षीइतकंच उत्पन्न देईल असा. काहींच्या मते त्या दोघांनी करदात्यांना वाचवलं, काहींच्या मते लोकांनी दिलेलं बहुमत पळवलं. मला स्वतःला दुसरं म्हणणं जास्त पटतं, कारण विरोध करायचा तर समोर बसून करावा. पण त्यांचं वागणं नियमात बसत होतं, हेही खरं.

## संकट आलं की सगळे याच्याकडे बघतात

एरवी पाचांतला एक असलेला हा माणूस आपत्तीत एकदम पुढे येतो. टेक्सासच्या कायद्याने काउंटी जज हाच काउंटीचा आपत्ती व्यवस्थापन प्रमुख. स्थानिक आपत्ती तो एकटा जाहीर करू शकतो. सात दिवसांपलीकडे चालू ठेवायची तर कमिशनर्स कोर्टाची संमती लागते. वस्ती रिकामी करण्याचा आदेश त्याचा. केर काउंटीतल्या पत्रकार परिषदेचं कारण हे. तिथे धोक्याचे भोंगे बसवायची चर्चा कमिशनर्स कोर्टात वर्षानुवर्षं चालली होती आणि पैशापाशी अडली होती. पूर आला तेव्हा जाब विचारला गेला तो या पाच जणांना, आणि सगळ्यात आधी जजला.

२०१७च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळाने हॅरिस काउंटीत दीड लाखाहून जास्त घरांत पाणी शिरलं. तेव्हाचे काउंटी जज एड एमेट दिवसातून कितीदा तरी टीव्हीवर येत, कुठला बायू फुगलाय, कुठल्या भागातून निघायचं, हे न घाबरवता सांगत. बायू म्हणजे इथले संथ ओढे, एरवी ज्यांच्या काठाने लोक सायकल चालवतात. बरोबर एक वर्षाने, २५ ऑगस्ट २०१८ला, अडीच अब्ज डॉलरचे पूरनियंत्रणाचे रोखे काढायला मतदारांनी मोठ्या बहुमताने होकार दिला. रोखे म्हणजे काउंटीने घेतलेलं कर्ज; फेडायचं घरपट्टीतून.

आपत्तीतही राज्य वरचढ असतं, हे कोविडमध्ये दिसलं. २०२०च्या एप्रिलमध्ये हॅरिसच्या काउंटी जज लीना हिडाल्गो यांनी मास्क सक्तीचा केला, न घातल्यास हजार डॉलरपर्यंत दंड. काही दिवसांतच गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांच्या आदेशाने तो दंड निकामी झाला.

## उभं राहायचं तर काय लागतं?

कागदावर फारसं काही नाही. अमेरिकेचं नागरिकत्व (जन्माने असायची गरज नाही), वय १८ पूर्ण, टेक्सासात सलग बारा महिने आणि त्या काउंटीत सहा महिने वास्तव्य, मतदारयादीत नाव, आणि गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी.

पहिलं काम पैशाचं असतं, तेही उलट्या अर्थाने. प्रचाराचा खजिनदार कोण, याचा कागद दाखल केल्याशिवाय एक डॉलर घ्यायचाही नाही आणि खर्चायचाही नाही. कंपन्यांकडून देणगी घ्यायला बंदी आहे. पण एका व्यक्तीने किती द्यावं, यावर या पदासाठी राज्याच्या कायद्यात मर्यादाच नाही. मला हे खटकतं. ज्या मंडळात रस्त्यांची आणि नाल्यांची कोट्यवधी डॉलरची कंत्राटं मंजूर होतात, त्याच्या अध्यक्षाला कंत्राटी अभियंते वैयक्तिक चेक देतात. ते लपवता मात्र येत नाही. जानेवारी आणि जुलैच्या १५ तारखेला, शिवाय मतदानाच्या तीस आणि आठ दिवस आधी, कुणी किती दिलं याचा अहवाल द्यावा लागतो. तो कुणालाही बघता येतो. बघा.

मग पक्षाची उमेदवारी. आपल्याकडे तिकीट वरून येतं. इथे ते ‘प्रायमरी’त मिळवावं लागतं, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत. तिच्यात सामान्य मतदारच मत देतात. नोव्हेंबर-डिसेंबरात पक्षाच्या काउंटी अध्यक्षाकडे अर्ज भरायचा. दोन लाखांवर वस्ती असेल तर फी १,२५० डॉलर, नाहीतर ७५०. फीऐवजी मतदारांच्या सह्या गोळा करून दिल्या तरी चालतं, मोठ्या काउंटीत ५०० पुरतात. २०२६ची प्रायमरी ३ मार्चला. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसतील तर पहिल्या दोघांत २६ मे रोजी फेरमतदान. शेवटची लढत ३ नोव्हेंबरला. तिथे एक मत जास्त असलं तरी जिंकला. टेक्सासात मतदार कुठल्या पक्षाचा अशी नोंद नसते. प्रायमरीला जाल तेव्हा कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं.

हॅरिसमध्ये मतदानाच्या मुख्य दिवसाआधी जवळपास दोन आठवडे ‘लवकर मतदान’ चालतं. वाचनालयाच्या, कम्युनिटी सेंटरच्या पार्किंगमध्ये दारापासून शंभर फुटांवर एक पाटी असते. तिच्या अलीकडे प्रचार करायचा नाही. त्या पाटीच्या पलीकडे, उन्हात छत्री उघडून, हातात पत्त्याएवढी कार्डं घेऊन स्वयंसेवक उभे असतात. मी पहिल्यांदा मत द्यायला गेलो तेव्हा एका वयस्कर बाईंनी माझ्या हातात कार्ड ठेवलं आणि म्हणाल्या, “वरचं सगळं तुम्हाला माहितीच असेल, पण खालपर्यंत जा.” आत गेल्यावर कळलं त्या असं का म्हणाल्या. पडद्यावर सिनेटर, गव्हर्नर, मग राज्याची पदं, मग न्यायाधीश, न्यायाधीश आणि न्यायाधीश. हॅरिसची मतपत्रिका देशातल्या सगळ्यात लांब मतपत्रिकांपैकी आहे. काउंटी जज हे पद त्या रांगेत बरंच खाली येतं, आणि नावात ‘जज’ असल्यामुळे त्या गर्दीत हरवतं. माणसं कंटाळून मधेच थांबतात.

## चांगलं काम केलं तरी माणूस पडतो का?

पडतो. हार्वेत ज्यांची वाहवा झाली ते एमेट २००७पासून पदावर होते, रिपब्लिकन असूनही डेमोक्रॅट मतदारांत त्यांना मान होता. २०१८च्या नोव्हेंबरात ते वीस हजारांहून कमी मतांनी हरले. जिंकल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या लीना हिडाल्गो, वय २७. कोलंबियातल्या बोगोटात जन्मलेल्या, २०१३ मध्ये अमेरिकन नागरिक झालेल्या, याआधी एकही निवडणूक न लढलेल्या, आणि वकिलीची सनद नसलेल्या.

त्या वर्षी सिनेटसाठी रिपब्लिकन टेड क्रूझ आणि डेमोक्रॅट बेटो ओ’रूर्क यांची गाजलेली लढत होती. टेक्सासात तेव्हा एकच बटण दाबून एका पक्षाला वरपासून खालपर्यंत सगळी मतं देता येत. हॅरिसमध्ये बहुसंख्य मतदारांनी तेच केलं, आणि वरच्या लाटेत खालचं पद वाहून गेलं. ती सोय पुढे कायद्याने बंद झाली; २०१८ची ही शेवटची मोठी निवडणूक जिच्यात ती होती. याचा अर्थ हिडाल्गो नुसत्या नशिबाने आल्या असा नाही. पूर, तुरुंग, जामीन हे विषय घेऊन त्या गल्लोगल्ली फिरल्या होत्या. २०२२ मध्ये ते बटण नसतानाही त्या पुन्हा निवडून आल्या, याही वेळी फरक वीस हजारांहून कमीच. २०२६ला आपण उभ्या राहणार नाही असं त्यांनी जाहीर केल्यामुळे हॅरिसची जागा आता मोकळी आहे.

त्याच २०१८ मध्ये शेजारच्या फोर्ट बेंड काउंटीत केरळमध्ये जन्मलेले के. पी. जॉर्ज काउंटी जज झाले. शुगरलँड याच काउंटीत येतं, आणि तिथल्या मराठी घरांमध्ये तेव्हा पहिल्यांदा हा शब्द जेवणाच्या पानावर आला.

## एकाच मताचा धनी, मग एवढा खटाटोप कशाला?

हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय, आणि त्यात तथ्य आहे. २०२५च्या उन्हाळ्यात हिडाल्गो यांनी बालसंगोपनासाठी घरपट्टी शंभर डॉलर मूल्यामागे एक सेंट वाढवायची का, हे लोकांना विचारायचा प्रस्ताव आणला. मंडळात पाचांपैकी चार जण त्यांच्याच पक्षाचे होते. तरी दुसरी मतं मिळाली नाहीत. प्रस्ताव तिथेच संपला.

पण या गोष्टीतून हे पद निरुपयोगी आहे असं निघत नाही. एवढंच निघतं की उमेदवाराचं सगळ्यात महत्त्वाचं कसब म्हणजे दोन माणसं बरोबर आणणं. एमेटकडे ते होतं म्हणून विरोधी पक्षाचे एकमेव कमिशनरही पुराच्या रोख्यांवर त्यांच्यासोबत उभे राहिले. भाषण ऐकून हे कसब कळत नाही. उमेदवाराने आधी कुठल्या मंडळावर, शाळेच्या बोर्डावर, कौन्सिलवर काम केलं असेल, तर तिथे त्याचे ठराव पास होत होते का, हे बघावं लागतं.

‘खड्ड्यांना कुठे पक्ष असतो? मग पक्षाच्या चिन्हावर निवडणूक कशाला?’ हाही रास्त प्रश्न. राज्याच्या कायद्याने ती तशी आहे, काउंटीला त्यात निवड नाही. आणि राज्य हवं तेव्हा हात घालतं. २०२३ मध्ये विधिमंडळाने खास हॅरिसपुरता कायदा करून तिथलं निवडणूक प्रशासकाचं पदच रद्द केलं आणि काम क्लार्क व करवसुली अधिकाऱ्याकडे दिलं. ऑस्टिनशी, म्हणजे राज्य सरकारशी, कसं वागणार, हे म्हणूनच प्रत्येक उमेदवाराला विचारण्यासारखं आहे.

## मत नसलेल्यांनी काय करायचं?

आपल्यातले कितीतरी जण एच-वन-बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत. घरपट्टी भरतात, मत देता येत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना चुकूनही मतदारनोंदणीच्या चौकटीत खूण करू नका. नागरिक नसताना नोंदणी करणं हा गुन्हा आहे आणि त्यापायी देश सोडावा लागू शकतो. देणगी ग्रीन कार्डवाल्याला देता येते. व्हिसावर असणाऱ्याला कुठल्याच निवडणुकीत नाही, अगदी पाच डॉलरही.

बोलता मात्र सगळ्यांना येतं. कमिशनर्स कोर्टाच्या बैठकीत नाव नोंदवून सामान्य माणसाला आपलं म्हणणं मांडता येतं, नागरिकत्व कुणी विचारत नाही. आमच्या वस्तीमागच्या नाल्याचा गाळ निघत नव्हता तेव्हा आमच्यातल्या एक बाई, व्हिसावर आलेल्या, आईच्या हातात बाळ देऊन तिथे जाऊन बोलल्या. पावसाळ्यातले तीन फोटो त्यांनी बरोबर नेले होते. पाचही जणांनी ते फोटो बघितले.

आणि मत असणाऱ्यांनी दारावर आलेल्या उमेदवाराला नुसतं ‘रस्ते करणार का’ विचारू नये. रस्ता बहुतेक वेळा तुमच्या भागाच्या कमिशनरच्या अखत्यारीत असतो. त्याऐवजी विचारा: कर ठरवण्याच्या दिवशी चार खुर्च्या भरतील याची खात्री कशी द्याल? आणि तुमच्या मताच्या जोडीला आणखी दोन मतं कुणाची?